हवालदारानं घातलेल्या टोप्या

निकितानं बॅग उघडली, कपड्यांच्या तळाशी हात घालून एक प्लॅस्टिकची पिशवी ओढून काढली आणि ती सरळ आजोबांच्या मांडीवर ठेवली.

"घ्या आबा. तुमचं काम."

पिशवीत लाल टोपी होती. कोरी, लोकरीची, वर मऊ लव असलेली, तव्यावर टम्म फुगलेल्या भाकरीसारखी गोल. फौजेतली टोपी दुकानातून अशीच येते. तशीच डोक्यावर चढवली तर माणूस शिपाई न दिसता नाटकातला आचारी दिसतो. तिला आकार द्यावा लागतो. फौजेत त्याला टोपी बसवणं म्हणतात, आणि उमरगा तालुक्यातल्या त्या टापूत टोपी बसवायची म्हणजे बोरवंडीच्या बलभीम हवालदाराकडं न्यायची, हे कितीतरी वर्षं ठरलेलं होतं.

बलभीमरावांनी पिशवीत पाहिलं.

"बघू उद्या," ते म्हणाले. पिशवीचं तोंड त्यांनी असं मुरगळून बंद केलं, जणू आत टोपी नसून विंचू असावा.

"उद्या नक्की हां. शनिवारी सोलापूरहून गाडी आहे माझी."

"बघू म्हणलं न्हवं."

कडूबाई, त्यांची बायको, चुलीपाशी होती. तिनं मान वळवून नवऱ्याकडं पाहिलं. नात फौजेतून सुट्टीवर आलेली, लाल टोपी घेऊन आलेली, आणि आजा असा बसलाय जशी काही तलाठ्यानं घर पाडायची नोटीस आणून दिलीय. पण भाकरी तव्यावर होती. तिनं आधी ती उलटली.

निकिता मिलिटरी पोलिसात लागली होती. मुलींना तिथं घ्यायला लागून फार वर्षं झालेली नाहीत, आणि बोरवंडीतून गेलेली ती पहिलीच. बाप सुरज हायवेवर पंक्चरचं दुकान चालवतो. त्यानं लेकीला पहाटे डांबरी सडकेवर पळवलं, मोटरसायकलवर मागं राहून हॉर्न वाजवला. बेंगळुरात ट्रेनिंग झालं, कसम परेड झाली, आणि आता पहिलं पोस्टिंग आलं होतं जम्मूच्या बाजूला. ट्रेनिंगमधली पहिली टोपी तिनं स्वतःच बसवली होती आणि ती बिघडली होती. शिकवणाऱ्या उस्तादबाई सगळ्या पलटणीसमोर म्हणाल्या होत्या, "क्या सुरवसे, सर पे पापड रखा है?" त्यावर ही बया काय बोलली असेल? म्हणाली, मॅडम, माझे आबा बसवतात तशी टोपी तुम्ही अजून बघितली नाही. पुढची टोपी बघा. आणि नवी टोपी विकत घेऊन, हात न लावता, घरी घेऊन आली.

हे तिनं जेवताना हसत हसत सांगितलं. बलभीमरावांचा घास तोंडात फिरत राहिला.

माणूस तसा साधा. घरचं चार-पाच एकर रान, सोयाबीन आणि तूर. एकोणिसाव्या वर्षी बेळगावला मराठा पलटणीत भरती झाला, वीस-बावीस वर्षं नोकरी केली, हवालदार होऊन परत आला. बर्फात राहिला, जंगलात राहिला, आजूबाजूची माणसं पडलेली पाहिली; स्वतःच्या अंगावर ओरखडा नाही. गावात आल्यावर दुसरं काही येत नव्हतं असं नाही, पण हे एक फार छान येत होतं: टोपी. वस्तऱ्यानं हलक्या हातानं लव उतरवायची. कढत पाण्यात बुडवायची, मग गार पाण्यात. पिळायची, आणि ओलीच डोक्यावर चढवायची. बिल्ल्याची जागा डाव्या डोळ्यावर आणायची, उरलेलं कापड उजव्या कानाकडं ओढून खाली दाबायचं, आणि वाळेपर्यंत काढायची नाही.

वाळेपर्यंत म्हणजे उन्हात अर्धा दिवस. आता भरतीला निघालेली पोरं, त्यांना बूड टेकवून बसवतं कुठं? त्यांचे फोन वाजतात, मित्र हाका मारतात, आईला बाजारात न्यायचं असतं. तेव्हा बलभीमराव म्हणायचे, जा रे, ठेव इथं. आणि ती ओली टोपी स्वतःच्याच डोक्यावर घालून पारावर बसायचे. मानेवरून पाणी ओघळतंय, डोक्यावर हिरवी टोपी, खाली धोतर. येणारा-जाणारा विचारायचा, "काय हवालदार, परत भरती झालाव काय?" त्यांना ते आवडायचं. सगळ्यात शेवटी ते उजव्या कानावर अंगठा दाबून कापडाला एक बारीकशी चुणी पाडायचे. ती त्यांची सही. पोरं टोपी न्यायला यायची, आया पेढे द्यायच्या.

मग शंभू गेला.

शंभू शेजारच्या गावचा. ईशान्येकडं कुठंतरी फौजेचा ट्रक दरीत गेला, त्यात होता. शाळेच्या मैदानावर पेटी आणली तेव्हा अर्धा तालुका लोटला होता. घोषणा, फुलं, पुढाऱ्यांच्या गाड्या. बलभीमरावांना माजी सैनिक म्हणून पुढं उभं केलं होतं, पेटीपासून हाताच्या अंतरावर. पेटीवर तिरंगा, तिरंग्यावर शंभूचा बेल्ट आणि टोपी. आणि टोपीच्या उजव्या कडेला ती चुणी.

चुणीकडं बघता बघता त्यांना आपल्याच कानावर कुणीतरी अंगठा दाबल्यासारखं झालं. कान तापला. सलामी द्यायला हात उचलला तो वर जाईना.

तिथून घरी आले ते ताप घेऊनच. पडल्या पडल्या त्यांना गौरीशंकर आठवला. बंडप्पाचा एकुलता एक. बंडप्पा म्हणजे त्यांचा जुना दोस्त, तोफखान्यात ड्रायव्हर होता, हायवेलगतच्या शेतात राहतो. त्याचं पोर शंभूच्या आधी दोनेक वर्षं बर्फाच्या कड्याखाली गेलं होतं. गौरीशंकरचीही टोपी कुणी बसवली होती? यांनीच. त्याच्याही पेटीवर टोपी होती. त्या वेळी बलभीमराव गर्दी आवरत मागं उभे होते, टोपी त्यांनी जवळून पाहिली नव्हती. आता न पाहिलेली ती चुणी डोळे मिटले की दिसायला लागली.

आणि मग ते खूळ डोक्यात शिरलं. आपल्याला काही झालं नाही. आपल्या वाट्याचं जे मरण होतं ते कुठंतरी शिल्लक राहिलं. आपण ओली टोपी आपल्या डोक्यावर वाळवतो, ती आपल्या डोक्याचा आकार घेते, आणि त्याबरोबर तेही घेते. मग आपण ती पोराच्या हातात देतो आणि पेढा खातो.

कुणाही दहावी पास पोरानं विचारलं असतं, की आबा, बाकीच्या तीस-चाळीस टोप्यांचं काय? ती पोरं तर धडधाकट होती. एक उमरग्यात गॅसची एजन्सी चालवत होता, एक सासऱ्याशी मारामारी करून पेपरात आला होता. पण हे विचारायला आधी कुणाला तरी सांगायला हवं, आणि बलभीमरावांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. पुरुषमाणसाला, त्यातून हवालदाराला, भीती वाटते हे बोलून दाखवायची सोय आपल्याकडं कुणी करून ठेवलेली नाही. त्यांनी फक्त जाहीर केलं की नजर कमी झाली, वस्तरा धरवत नाही. पोरं दुसरीकडं जायला लागली. कुणाला काही वाटलं नाही.

आता ती टोपी घरात आली होती. स्वतःच्या नातीची.

दुसऱ्या दिवशी निकितानं सकाळीच पातेल्यात पाणी तापवलं. बलभीमराव म्हणाले, नजर कमी झालीय; ती म्हणाली, मी शेजारी बसून सांगते. ते म्हणाले, वस्तरा बोथट आहे. ती उमरग्याला जाऊन नवी पाती घेऊन आली. ते म्हणाले, आभाळ आलंय, टोपी वाळणार नाही. तिनं अंगणात जाऊन वर पाहिलं.

"कुठंय आभाळ? आबा, तिकडं एक ढग आहे, तो बी कर्नाटकात."

"हात दुखतोय."

"काल तर मोटारीचा पाईप उचललात."

"त्यानंच दुखतोय!" ते एवढ्या जोरात ओरडले की दारातली शेळी उठून उभी राहिली.

निकितानं पातेलं चुलीवरून उतरवलं. दुपारी ती मैत्रिणीकडं गेली तेव्हा बलभीमराव उठले, पिशवी उचलली, घरात एकदा इकडं, एकदा तिकडं फिरले. जाळावी? हात धजेना. विहिरीत टाकावी? नातीची टोपी पाण्यात बुडताना डोळ्यांपुढं आली आणि तेही राहिलं. शेवटी त्यांनी ज्वारीच्या पत्र्याच्या कोठीचं झाकण उघडलं, कोपरापर्यंत हात घातला आणि पिशवी दाण्यांत खोल खुपसली. हरवली म्हणून सांगू. मांजरानं ओढली म्हणू. शनिवारपर्यंतच तर निभवायचं आहे.

माणूस घाबरला की त्याची अक्कल किती तोकडी होते बघा. त्या घरात ज्वारी दळायला कोण काढतं, एवढंही त्यांच्या लक्षात आलं नाही.

संध्याकाळच्या आत कडूबाई पिशवी नाचवत बाहेर आली. हात पिठूळ, पदर खोचलेला.

"हे काय हाय? अवो, मी विचारायले, हे काय हाय? आता टोपी बी पेरायलाव व्हय?"

निकिता ओसरीवरच होती. तिनं पिशवी ओळखली. तिनं आजोबांकडं पाहिलं. बलभीमरावांनी मान खाली घातली. आता मांजराचं नाव घेण्यात अर्थ नव्हता.

"कोठीत व्हती," कडूबाई म्हणाली, "पार तळाशी. उंदरानं नेली म्हणाव तर उंदीर पिशवीला गाठ मारत न्हाय."

"आबा?" निकिता म्हणाली.

त्यांनी खाली सांडलेला ज्वारीचा एक दाणा उचलला.

"मला आधीच सांगायचं की." तिचा आवाज चढला नाही, हेच वाईट होतं. "सगळ्या पोरांच्या बसवल्यात. शेजारच्या गावच्या बसवल्या, कर्नाटकातनं आलेल्या पोरांच्या बसवल्या. माझीच तेवढी न्हाय. पोरगी म्हणून, व्हय की न्हाय? पोरीच्या डोक्याला काय करायची फौजी टोपी."

"तसं न्हाय गं."

"मग कसं हाय?"

कसं आहे ते सांगायचं तर तिला काय सांगायचं? की बाई, तू परवा बंदूक घेऊन जम्मूला निघालीस आणि मला तुझी पेटी दिसते? हे शब्द एकदा तोंडातून बाहेर पडले की ते तिच्याबरोबर गाडीत बसणार. रात्री पहाऱ्यावर उभी राहील तेव्हा तिच्या शेजारी उभे राहणार. सांगितलं तर भीती तिच्या डोक्यावर, आणि टोपी बसवली तर त्याहून वाईट काहीतरी.

निकितानं पिशवी आजीच्या हातातून घेतली, ज्वारीचे दाणे झटकले आणि आत निघून गेली.

"जळायलाव पोरीवर," कडूबाई म्हणाली. "ह्या वयात. नातीवर."

बलभीमरावांनी चप्पल घातली आणि ते वाट धरून चालायला लागले. कुठं जायचं हे ठरवलं नव्हतं, पण पाय हायवेकडं वळले, बंडप्पाच्या शेताकडं. वाटेत दोनदा मागं फिरले. बंडप्पाला कसं विचारायचं? ज्याचं पोर गेलं त्यालाच? पण दुसऱ्या कुणाला विचारण्यात अर्थही नव्हता.

बंडप्पा शेडपुढं बाजेवर बसून चहा पीत होता. समोर हायवेवरून हैदराबादच्या ट्रका धडधडत होत्या.

"या हवालदार साहेब. तोंड का असं? कोर्ट मार्शल झालं काय?"

बलभीमराव बाजेच्या कडेवर टेकले. "बंडू, येक बोलायचं हाय."

"बोल की. सलाम ठोकून परवानगी घेतोस काय?"

"गौरीशंकरची टोपी म्या बसवली व्हती."

बंडप्पाचा कप थांबला. त्या घरात ते नाव सहज कुणी काढत नसे.

"व्हय. मग?"

"शंभूची बी म्याच."

"बरं."

"दोघंबी गेले."

ट्रक गेला, त्याचा आवाज विरेपर्यंत बंडप्पा त्यांच्याकडं बघत राहिला. मग बलभीमरावांनी सगळं सांगून टाकलं. धड सांगता येत नव्हतं. आपलं डोकं, ओली टोपी, चुणी, वाट्याचं राहिलेलं मरण, असं पुढचं मागं, मागचं पुढं.

"म्हंजी," बंडप्पा सावकाश म्हणाला, "माझ्या लेकाला बर्फानं मारलं न्हाय. तू मारलंस."

"तसं न्हाय रे—"

"तसंच म्हणालास की! टोपी घालून मारलंस. म्या येडा, इतकी वरसं डोंगराला शिव्या द्यायलोय." त्यानं कप बाजेखाली असा आपटला की कान तुटून उडाला. "बस इथं. हलू नको."

तो आत गेला. आतून लोखंडी पेटीचं झाकण उघडल्याचा कर्र आवाज आला. मग काहीच नाही. बलभीमरावांना वाटलं, उठून पळावं. आणि वाटलं, बसावं, तो जे काही घेऊन येईल, कोयता आणो की काठी, ते डोक्यावर घ्यावं आणि एकदाचं संपवावं. ते बसून राहिले.

बंडप्पा दोन टोप्या घेऊन बाहेर आला. दोन्ही हिरव्या. दोन्ही त्यानं बाजेवर ठेवल्या.

"बघ. तुझी कुठली?"

बघायचं धाडस होईना. बंडप्पानं त्यांच्या मानेला धरून खाली वाकवलं, तेव्हा त्यांनी पाहिलं. एका टोपीच्या उजव्या कडेला चुणी होती. दुसरीला नव्हती.

"ही," ते पुटपुटले.

"यप्पा! वळखलीस. आता ऐक. ही पेटीवर आलीच न्हाय. ही घराबाहीर येकदाच गेली, आन् पहिल्या सुट्टीला परत आली. पेटीवर आली ती ही दुसरी. तिकडंच घेतलेली, तिकडंच त्यानं सवताच्या डोस्क्यावर बसवलेली."

"का?"

"का म्हणून काय विचारतोस? सवताचं डोस्कं बघितलंस का कवा आरशात? भोपळा हाय भोपळा! तुझ्या डोस्क्यावर वाळलेली टोपी माझ्या पोराच्या भुवईवर उतरायची. पहिल्याच परेडला आंधळ्यावाणी उभा. उस्तादानं मैदानाला फेऱ्या मारायला लावल्या. घरी येऊन मला म्हणला, अण्णा, काकाला बोलू नगा, त्येंला वाईट वाटंल. ठेवली घरच्या लोखंडी पेटीत." बंडप्पानं ती टोपी उचलली आणि धप्पकन बलभीमरावांच्या डोक्यावर घातली. बरोब्बर बसली. "बाकीच्या पोरांनी बी हेच केलं आसंल. टोपीची नाडी आवळून न्हाय जमलं की तिकडं जाऊन परत भिजवायची. साऱ्या तालुक्याला टोपी घातलीस हवालदार, आन् येका बी लेकरानं तुला सांगितलं न्हाय."

खरं म्हणजे छातीवरचा दगड उतरायला हवा होता. पण माणूस विचित्र असतो. बलभीमरावांना आधी अपमान वाटला. इतकी वर्षं पारावर बसून, मानेवरून पाणी ओघळत, ते जे करत होते ते पोरं जाऊन उसवत होती? पेढे कशाचे दिले मग? अपमान ओसरल्यावर मागून परत ती भीती वर आली, कारण ती काही तेवढ्यानं जाणारी नव्हती.

"शंभूच्या टोपीवर चुणी व्हती बंडू. म्या या डोळ्यानं बघितली."

बंडप्पानं कपाचा तुटलेला कान उचलून हातात फिरवला.

"आसंल," तो म्हणाला. "त्याचं डोस्कं बी तुझ्याएवढं मोठं आसंल. मला त्याचं इचारू नको. मला अजून माझ्याच पोराचं कळंना."

मग तो तुकडा शेतात भिरकावून: "पोरगी काय म्हणती?"

"तिला वाटतंय, पोरगी म्हणून म्या करंना."

"मग सांग की, भ्या वाटतंय म्हणून."

"निघताना? अपशकुन केल्यागत?"

"म्या न्हाय सांगितलं," बंडप्पा म्हणाला. तो हायवेकडं बघत होता. "गौऱ्या शेवटचा निघाला तवा इथंच हुबा व्हता, ह्या शेडपाशी. माझ्या पोटात गोळा आलेला. का आला, ठाऊक न्हाय. दर वेळेलाच यायचा. आन् म्या त्याला काय म्हणलो? बूट घाण हायेत, पॉलिश कर म्हणलो. लेकरू खाली बसून बूट पुसायला लागलं. जीप आली, गेलं. जा आता. ती टोपी काढ आन् ठेव हितं."

बलभीमरावांनी टोपी काढून बाजेवर ठेवली. परत येताना ते वाटेत एकदाही मागं फिरले नाहीत, पण चालणं काही भराभर होत नव्हतं.

शुक्रवारी सकाळी निकिता ओसरीवर बॅग भरत होती. कडूबाई सूप घेऊन तूर निवडत होती आणि नवऱ्याकडं बघायचं नाही असं तिनं ठरवलेलं होतं. बलभीमराव येऊन खांबाला टेकून उभे राहिले. परेडला उभं राहावं तसे, हात बाजूला सरळ.

"निके," ते म्हणाले. "मला भ्या वाटतंय."

निकितानं वर पाहिलं.

"तुझ्या टोपीला हात लावायचं भ्या वाटतंय मला. म्हणून लपवली. पोरगी म्हणून न्हाय. म्या ज्येंच्या बसवल्या त्येंच्यातली दोन पोरं..." मग त्यांनी शंभूचं सांगितलं, चुणीचं सांगितलं, बंडप्पाच्या लोखंडी पेटीतल्या दोन टोप्यांचंही सांगितलं. आपल्या भोपळ्यासारख्या डोक्याचंसुद्धा सांगितलं. काही लपवलं नाही.

कडूबाईच्या हातातलं सूप तिरकं झालं होतं, तूर घरंगळत होती. "माझ्या शेजारी निजून," ती म्हणाली, "हे सारं एकट्यानं पोटात ठेवलंव? आन् मी म्हणायले नजर गेली म्हणून. गाजराचा रस पाजायले मी ह्येंला!"

निकिता हसेल असं त्यांना वाटलं होतं. ती हसली नाही.

"मला बी वाटतंय आबा," ती म्हणाली. "टोपीचं न्हाय वाटत. पहाऱ्यावर एकटीनं उभं राहायचं, त्याचं वाटतंय. तिकडं अंधार कसा असतो कुणास ठाऊक. पप्पांना सांगितलं असतं तर त्यांनी म्हणायचं, राहू दे, जाऊ नको. म्हणून न्हाय सांगितलं."

"मग नगं जाऊ," बलभीमरावांच्या तोंडून निघून गेलं.

"जाणार." तिनं बॅगेतून पिशवी काढली. "माझी टोपी माझ्याच डोक्यावर वाळू द्या. तुमचं डोकं मधी नगं. तुमी फक्त हातानं करा."

हे त्यांना सुचलंच नव्हतं. इतकी वर्षं कुणी पोरगं बसायला तयार नव्हतं म्हणून सुचलं नव्हतं, की आपलं डोकं सगळ्यांच्या टोपीत घालायची हौस होती म्हणून, ते त्यांचं त्यांनाच माहीत.

पाणी तापलं. वस्तऱ्यानं लव उतरवताना त्यांचा हात दोनदा थांबला. टोपी कढत पाण्यात गेली आणि पाणी लालभडक झालं.

"माझी बादली!" कडूबाई किंचाळली. पण ओढून घेतली नाही.

गार पाण्यातून काढून, पिळून, त्यांनी टोपी निकिताच्या डोक्यावर ठेवली, आणि तिथंच पहिली अडचण आली. मागं अंबाडा. टोपीच्या कडेची कातडी पट्टी अंबाड्यावर चढे, टोपी पुढं घसरे. असल्या डोक्यावर त्यांनी जन्मात टोपी बसवली नव्हती.

"ह्यो खाली घ्यावा लागंल," ते म्हणाले.

"कोण?"

"ह्यो... केसांचा गोळा."

"अंबाडा म्हणा की आबा. गोळा काय. तोफेचा हाय व्हय?"

कडूबाई पुढं आली, तिनं आकडे काढले आणि अंबाडा मानेवर खाली बांधला. मग पट्टी बसली. निकिता अंगणात उन्हात पाटावर ताठ बसली. बलभीमराव तिच्यासमोर गुडघ्यावर बसले. बिल्ल्याची जागा डाव्या भुवईवर आणली. उरलेलं कापड उजव्या कानाकडं ओढलं, तळहातानं खाली दाबलं. सवयीनं अंगठा कानावर गेला. त्यांनी तो झटक्यानं मागं घेतला.

तेवढ्यात टोपीच्या कडेखालून लाल पाण्याचा एक ओघळ सुटला. कपाळावरून भुवईत शिरला, भुवईतून डोळ्याच्या कोपऱ्यापाशी आला आणि गालावरून खाली, हनुवटीकडं.

बलभीमरावांचा हात तिच्या डोक्यावर होता तिथंच गोठला. त्यांना ऊन दिसेना, अंगण दिसेना. फक्त तो ओघळ. आपण म्हणालो होतो ना, एवढंच डोक्यात घुमत राहिलं.

निकितानं गालाला हात लावला, बोटांकडं पाहिलं. तिच्याही चेहऱ्यावरून काहीतरी सरकून गेलं. क्षणभरच.

"रंग सुटायलाय," ती म्हणाली. "आबा. रंग हाय. वास घेऊन बघा." तिनं बोटं त्यांच्या नाकापुढं धरली. ओल्या लोकरीचा वास होता.

"काढू का?" ते कसेबसे म्हणाले.

"आता काढली तर वाकडी वाळंल. दाबून धरा."

त्यांनी हात काढला नाही. हात कापत होता आणि त्या कापण्यानं कडेला एक वेडीवाकडी घडी पडत चालली होती. ती त्यांना दिसत होती, पण सरळ करायची ताकद बोटांत नव्हती. दुसरा ओघळ सुटला. कडूबाईनं पुढं होऊन तो पदरानं टिपला, मग तिसरा. पांढऱ्या ठिपक्यांच्या लुगड्याचा पदर लाल होत गेला, आणि ती एकदाही लुगड्याबद्दल बोलली नाही.

"मान दुखतीय का?" बलभीमरावांनी विचारलं.

"न्हाय. तुमचे गुडघे?"

"दुखायलेत."

"मग बसा की नीट."

ते मांडी घालून बसले, हात तिच्या उजव्या कानावर तसाच ठेवून. ऊन तापत होतं. टोपी अजून ओलीच होती.